चौदा नंबर सहावर

(रात्र. वॉर्डातला लांब बोळ.)

दोन वाजून चाळीस मिनिटं. दिवे मंद केलेत. उजेड आहे तो दोनच ठिकाणी: सिस्टरांच्या टेबलावर आणि टेबलामागच्या भिंतीवर.

भिंतीवरचा हा पडदा म्हणजे अख्खा वॉर्ड. एका ओळीत एक खाट. रुग्णाचं नाव नाही, आजार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं असं काहीच नाही. खाटेचा नंबर, एक आकडा, आणि तो आकडा कधी घेतला ती वेळ. त्या वेळेच्या रकान्यावर नजर असू द्या.

(जवळून: बोटावरचा चिमटा.)

बोटातून आरपार दिसतोय तो लाल प्रकाश. त्याच्या जोडीला अवरक्त किरण असतो, तो आपल्याला दिसत नाही. प्राणवायूने भरलेलं रक्त आणि रिकामं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. १९७० च्या दशकात जपानी अभियंते ताकुओ आओयागी वेगळ्याच कामात होते. रक्तात रंग सोडून हृदय किती रक्त फेकतं हे त्यांना मोजायचं होतं, आणि नाडीचे ठोके त्या मोजमापात सारखे लुडबुडत होते. ते घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं, की हे ठोके धमनीतल्या रक्ताचे आहेत. म्हणजे धमनीतला प्राणवायू मोजायचा, तर हीच लुडबुड धरायला हवी. आज तो चिमटा बोटाला लावतात आणि काही सेकंदांत आकडा येतो.

(सिस्टर खाटेशेजारी. हातात घड्याळ.)

सिस्टर नुसत्याच उभ्या आहेत असं वाटेल. चादर वर येते, खाली जाते. त्या श्वास मोजतायत. पूर्ण एक मिनिट. हे मिनिट आम्ही कापलेलं नाही.

(निवेदन नाही. साठ सेकंद.)

बावीस.

वॉर्डात अंदाजाने ठोकून दिला जाणारा आकडा कुठला असेल, तर हाच. पेशंट बरा दिसला, की अठरा लिहून मोकळं. मग पडदा कितीही महागाचा असो, त्यावरचा आकडा त्या अठरावरच उभा.

(टॅबलेटवर बोट. आकडे भरले जातात.)

आता बेरीज. प्रत्येक मोजमाप नेहमीपेक्षा जितकं दूर, तितके त्याचे गुण जास्त. ही गुणांची पद्धत ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१२ मध्ये आणली, २०१७ मध्ये सुधारली. नाव नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर. बोलताना नुसतं ‘न्यूज’. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ती लावत नाहीत. बावीस श्वासांचे गुण २. प्राणवायू ९४ टक्के, १. नाडी १०४, १. वरचं बीपी १०८, १. ताप ३८.२ सेल्सिअस, १. शुद्ध नीट आहे आणि बाहेरून ऑक्सिजन लावलेला नाही, त्यांचे शून्य-शून्य.

सहा.

यातला एकेक आकडा सुटा पाहिला, तर रात्री पावणेतीनला कुणी कुणाला उठवणार नाही. थोडा ताप आहे, थोडी धाप आहे, सकाळी राउंडला बघू. पण पाच गाठले की डॉक्टरांनी तातडीने बघायचं आणि दर तासाला निदान एकदा मोजायचं, असा नियम आहे.

(जुना कागदी तक्ता, खाटेच्या पायथ्याशी.)

हीच बेरीज कागदावरही होते, आणि चोख होते. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या तापाच्या नोंदी ठेवल्या आणि १८६८ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. तापाचा आलेख वॉर्डात रुजला तो तेव्हापासून. अडचण कागदाची नाही. तो लटकतो कुठे, याची आहे. वाचायचा तर खाटेपाशीच जावं लागतं.

(पुन्हा पडदा. चौदाव्या ओळीचा रंग बदलतो.)

चौदा नंबर नारिंगी. आवाज नाही. तो मुद्दामच बंद ठेवलाय, कारण वॉर्डात ठणाणा करणारी यंत्रं आधीच भरपूर आहेत आणि कान त्यांना सरावतात. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या, अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २०१४ मध्ये अलार्म आवरणं हे रुग्णसुरक्षेचं राष्ट्रीय उद्दिष्टच करून टाकलं.

सिस्टर फोन उचलतात. “मॅडम, चौदा नंबर सहावर गेलाय. पावणेअकराला एक होता.”

“आले.”

(खाटेशेजारच्या खुर्चीतली बाई. निवेदन नाही. वीस सेकंद.)

जंतुसंसर्ग निघाला. पहाटेआधी औषध सुरू झालं, नवव्या दिवशी पेशंट घरी गेला.

(पडदा, जवळून. पाचवी ओळ.)

आता तो वेळेचा रकाना. पाच नंबर हिरवा, गुण शून्य. छान. पण आकडा घेतलाय काल दुपारी एक वाजता. शून्य असला तरी बारा तासांत पुन्हा मोजायला हवं. इथे तेरा उलटून गेले. विकणारे या पडद्याला ‘रिअल-टाइम’, म्हणजे त्या-त्या क्षणाचा, म्हणतात, आणि चौदा नंबरच्या बाबतीत ते खरंही ठरलं. पाच नंबरचा हिरवा मात्र शिळा आहे. म्हणून या पडद्यावर मोजायची वेळ टळली, की रकान्यातली वेळ करडी होऊन लुकलुकते. पडदा बनवणाऱ्यांनी केलेलं, आमच्या मते, सगळ्यात शहाणपणाचं काम हेच.

(सिस्टर वर बघतात. चिमटा आणि घड्याळ उचलतात.)

दोन वाजून पंचावन्न मिनिटं. सिस्टर पाच नंबरकडे निघाल्या.