नळीच्या टोकाला

[दृश्य: खाटकाचा ठोकळा. सत्तुराने उभी चिरलेली बोकडाच्या मांडीची नळी.]

रश्श्यात नळी आली की सगळ्यांचा डोळा आतल्या गरावर. ताटात आपटायची, चोखायची, हाड बाजूला. आज आपण ते बाजूला टाकलेलं हाड बघू.

मधे ते पोकळ आहे, भिंत जाड आणि टणक. टोकाकडे या. जिथे सांधा सुरू होतो तिथे पोकळी संपते, भिंत पातळ होते आणि आत जाळी दिसते. छान जमलेल्या घावनाला पडते तशी. फरक एवढाच, की घावनाची जाळी कशीही पडते. हिच्या काड्यांना दिशा आहे.

[दृश्य: मांडीच्या हाडाच्या उभ्या छेदाचं जुनं रेखाटन.]

१८६६ साल, झुरिक. शरीररचनेचे प्राध्यापक हर्मान फॉन मायर यांच्याकडे माणसाच्या हाडांतल्या या जाळीची रेखाटनं होती. ती कार्ल कुलमान यांनी पाहिली. कुलमान डॉक्टर नव्हते, पुलांचं गणित शिकवणारे इंजिनिअर होते. वाकड्या मानेच्या क्रेनला ओझं टांगलं की दाब कुठून उतरतो, ताण कुठून जातो, याच्या रेषा काढणं हा त्यांचा रोजचा उद्योग. खुब्याच्या हाडात त्यांना त्याच रेषा दिसल्या.

बर्लिनचे शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये यावर अख्खा ग्रंथ लिहिला. भार बदलला की हाड आपली बांधणी बदलतं, हे त्याचं सार. नियमाला नाव वोल्फ यांचंच पडलं. क्रेनची उपमा तंतोतंत बसत नाही, हे पुढे अनेकांनी दाखवलं. हाड काही एकजिनसी भरीव तुळई नाही. पण भार आणि बांधणी यांचं नातं खरं निघालं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली हाड. काळे ठिपके, त्यांतून फुटलेल्या केसाएवढ्या रेघा.]

मग हाडाला भार कळतो कसा? हे ठिपके म्हणजे हाडात राहणाऱ्या पेशींची घरं, आणि रेघा म्हणजे त्यांतून निघणाऱ्या बारीक नळ्या. पाय टेकला की हाड किंचित दबतं, या नळ्यांतलं पाणी सरकतं, आणि ते सरकणं या पेशींना जाणवतं. एरवी त्या स्क्लेरोस्टिन नावाचं एक प्रथिन सोडत असतात, जे नव्या बांधकामाला ब्रेक लावतं. भार आला की ते कमी होतं आणि बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. भार गेला की उलटं. अंतराळवीरांच्या खुब्यातली घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरते.

आणि हाडाला फार आवर्तनंही लागत नाहीत. १९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी पक्ष्याच्या पंखातल्या एका हाडावर कुठलाच भार येणार नाही अशी व्यवस्था केली. ते झिजू लागलं. यंत्राने दिवसातून चारदा दाबलं, तर झीज थांबली. छत्तीसदा दाबलं, तर हाड वाढलं. अठराशे वेळा दाबूनही त्याहून जास्त काही मिळालं नाही.

[दृश्य: गुडघ्याचा एक्स-रे, उभं राहून काढलेला.]

आता आपल्या घरातला सांधा. वर मांडीचं हाड, खाली नडगी. मधे जी काळी फट दिसते ती रिकामी नाही. तिथे कूर्चा आहे, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, लवचीक आवरण. ती एक्स-रेत उमटत नाही. कूर्चेच्या लगेच खाली हाडाचा पातळ थर आहे, आणि हा थर सगळीकडे सारखा नसतो. जिथे जास्त दाब, तिथे तो दाट. चालताना गुडघ्यावरचा निम्म्याहून अधिक भार आतल्या बाजूने जातो. पाय फेंगडे असतील तर आणखीच.

म्हणून बघा, इथे, आतल्या बाजूला, हाड पांढरंशुभ्र दिसतंय. 'दाट हाड म्हणजे चांगलं हाड' असं आपण धरून चालतो. इथे ते लागू नाही. वरची फट अरुंद झालीय, म्हणजे कूर्चा झिजलीय, आणि तिच्या वाट्याचा मार खाऊन खालचं हाड दाटलंय.

[दृश्य: त्याच प्रकारच्या गुडघ्याचा दुसरा एक्स-रे. नडगीवर धातूची पट्टी, स्क्रू.]

अशा काही रुग्णांची नडगी गुडघ्याच्या जरा खाली कापतात, पाचरीएवढी फट उघडतात आणि पाय सरळ करून पट्टी बसवतात. भाराची रेषा बाहेरच्या बाजूला सरकते. सांध्याच्या आत, त्या पांढऱ्या जागेला कुणी हातही लावलेला नसतो.

पुढच्या तपासण्यांत मात्र त्या जागेचा पांढरेपणा अनेकदा कमी होत गेलेला दिसतो.