ओलीनं चिकटलेली पानं

(दृश्य: टेबलावर निळ्या पुठ्ठ्याचं छोटं पुस्तक. खिडकीबाहेर पाऊस.)

हे माझ्या आजोबांचं, अण्णांचं पुस्तक. आजोबा बोटीवर खलाशी होते. सफर संपली की यात एक ओळ भरली जायची: बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा आणि शेजारी जांभळा शिक्का. रत्नागिरीच्या घरी ट्रंकेत तळाला ते वर्षानुवर्षं पडून होतं. मधली पानं ओलीनं एकमेकांना चिकटलीत. मी ते बाहेर काढलं एका व्हिडिओ गेममुळे.

(दृश्य: काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषांचं जहाज.)

गेमचं नाव 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. लुकस पोप यांचा हा गेम २०१८ साली आला. कथेतलं वर्ष १८०७. पाच वर्षांपूर्वी लंडनहून पूर्वेकडे निघालेलं, समुद्रात हरवलं म्हणून नोंद झालेलं एक व्यापारी जहाज इंग्लंडच्या फाल्मथ बंदराला आपोआप येऊन लागतं. जहाजावर जिवंत माणूस एकही नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. हातात एक पुस्तक आणि एक घड्याळ. मृतदेहाजवळ घड्याळ उघडलं की आधी काळोखात काही आवाज ऐकू येतात आणि मग त्या माणसाचा शेवटचा क्षण थिजलेला दिसतो. त्या क्षणात आपण हिंडू शकतो, कुणाच्याही चेहऱ्याजवळ जाऊ शकतो, पण बदलू काहीच शकत नाही.

जहाजावर ६० माणसं होती. प्रत्येक चेहऱ्याला नाव लावायचं आणि त्याचं काय झालं ते लिहायचं. तिघांचं बरोबर जुळलं तरच पुस्तक ते पक्कं करतं, त्यामुळे नुसत्या अंदाजावर फार पुढे जाता येत नाही.

अधिकारी लवकर ओळखू येतात. त्यांना लोक हुद्द्यानं हाक मारतात, त्यांना स्वतंत्र खोल्या आहेत. खलाशांचं तसं नाही. त्यांच्यापाशी मी दोन रात्री अडकलो होतो. मग खालच्या मजल्यावर उतरलो. तिथे निजायच्या झोळ्या टांगलेल्या होत्या आणि प्रत्येक झोळीला नंबर होता. तोच नंबर जहाजाच्या यादीत! म्हणजे दिवसभर शिडावर राबणाऱ्या माणसाचं नाव कळायचं, तर तो निजलेला असताना त्याच्यापाशी जायचं. हे उमगलं तेव्हा मी खेळ थांबवून नुसता बघत राहिलो.

त्या यादीत देशाचा रकाना आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, चीन, आणि काही नावांपुढे भारत. जहाजावर पुढे खूप काही घडतं. बंड होतं, समुद्रातून अक्राळविक्राळ प्राणी येतात. पण यातले दोन भारतीय खलाशी सुरुवातीलाच, कडाक्याच्या थंडीत, फुप्फुसाच्या आजारानं जातात. ना लढाई, ना आरडाओरडा. सबंध गेममध्ये मला तीच दोन मरणं सर्वांत खरी वाटली. कंपनीच्या जहाजांवर आपले खलाशी खरोखरच असत. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. त्यांच्या म्होरक्याला 'सेरांग' आणि त्याच्या हाताखालच्याला 'टिंडल'. म्हणजे आपला सारंग आणि आपला तांडेल. हे शब्द मी लहानपणापासून बंदरावर ऐकत आलोय.

त्याच रात्री बाबांना फोन केला आणि विचारलं, "आजोबांचं बोटीचं पुस्तक आहे का अजून?"

(दृश्य: इडलीपात्रातून निघणारी वाफ.)

दुसरा गेम छोटा, दीड-दोन तासांत संपणारा. 'वेणबा'. टोरांटोच्या विसाई गेम्सनं तो २०२३ मध्ये आणला. १९८०च्या दशकात तमिळनाडूतून कॅनडात गेलेली वेणबा, तिचा नवरा आणि त्यांचा मुलगा कविन यांची ही गोष्ट. वेणबापाशी आईची पाककृतींची वही आहे. पण पानं फाटलीत, शाई उडालीय. उरलेल्या शब्दांवरून आणि हाताच्या सवयीवरून आपण स्वयंपाक करायचा. पहिल्याच प्रसंगात इडलीच्या ताटल्या एकावर एक रचायच्या आहेत. नुसत्या रचल्या तर काम बिघडतं. वाफेची भोकं मोकळी राहतील अशा त्या फिरवून बसवाव्या लागतात. आमच्या घरी आई हे न बघता करते. विचारलं असतं तर तिला सांगता आलं असतं की नाही, मला शंकाच आहे. तिच्या वहीतही 'पीठ मावेल तेवढं' आणि 'पाणी बेताचं' एवढंच लिहिलेलं आहे.

पुढे कविन मोठा होतो आणि एकटाच ती वही उघडून बसतो. त्याला तमिळ धड वाचता येत नाही. वाक्यातले निम्मे शब्द कळतात, निम्मे नाहीत. खेळणाऱ्यालाही तेवढंच कळतं. इथे माझा घसा दाटून आला. शेवटाकडे कथा थोडी घाईनं आवरली आहे आणि वडिलांच्या वाट्याला आणखी प्रसंग यायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: फिल्मचे गोल डबे, गंजलेली झाकणं.)

आणि मग 'सेल्युलॉइड मॅन'. शिवेंद्र सिंह डुंगरपूर यांचा २०१२चा माहितीपट. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी अक्षरशः डबा डबा जमवून उभं केलं त्या पी. के. नायर यांच्यावरचा. संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झालं, नायर १९९१ मध्ये निवृत्त झाले. भारतात १७००च्या आसपास मूकपट झाले आणि त्यातले जेमतेम ९ नायर यांच्या हाती लागले. हा आकडा ऐकल्यावर मी तो भाग मागे नेऊन पुन्हा ऐकला. फिल्मवरच्या थरात चांदी असते. ती काढण्यासाठी माणसांनी रिळंच्या रिळं विकून टाकली. आपला पहिला बोलपट 'आलमआरा', १९३१चा. त्याची आज एकही प्रत नाही.

नायर नाशिकला गेले, फाळक्यांच्या घरच्यांना भेटले. 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा, त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ उरलं आहे. ती दोन्ही रिळं १९१७च्या नव्या आवृत्तीची असावीत, असंही काही अभ्यासक मानतात. १९१९चा 'कालिया मर्दन' तुकड्यांत सापडला. ते तुकडे फाळक्यांच्या स्वतःच्या नोंदींवरून क्रमानं लावले गेले. त्यामुळेच आज आपल्याला चिमुकली मंदाकिनी दिसते. फाळक्यांची लेक. कॅमेऱ्यासमोर ती एकेक भाव दाखवते आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो. शंभर वर्षांपूर्वीचं ते पोर थेट आपल्या डोळ्यांत बघतं.

माहितीपट लांब आहे, मधे मुलाखतींची गर्दी होते. पण नायर रिळांच्या मधून काठी टेकत चालतात तेव्हा पडद्यावरून नजर हलत नाही. कुठला प्रसंग कितव्या रिळात आहे, हे त्या माणसाला तोंडपाठ होतं. २०१६ मध्ये ते पुण्यातच गेले.

(दृश्य: पुन्हा निळं पुस्तक. वयस्कर हात पान उलटतो.)

चिकटलेली पानं वाफेवर धरावीत असं एकदा मनात आलं होतं. पण जांभळी शाई पाणी लागलं की पसरते. पुस्तक उघडेल तेवढंच उघडलं आणि बाबांना घेऊन बसलो. पानं न सोडवता मधली वर्षं कशी भरायची? बाबा म्हणाले, "तुझ्या आत्याच्या बारशाला अण्णा नव्हते. तार आली होती." मी ते पेन्सिलीनं कागदावर लिहिलं. मग त्यांना आठवलं की एका वर्षी पाच महिने मनिऑर्डर आली नव्हती आणि आजी रोज पोस्टमनची वाट बघायची. तेही लिहिलं. पानाच्या कडेला शिक्क्याचा अर्धा गोल दिसतो, त्यातला महिना या पाच महिन्यांत बसतो.

दोन सफरी जुळल्या. तिसरीचं फक्त बोटीच्या नावातलं शेवटचं अक्षर दिसतंय. आत्या गणपतीला चिपळूणहून येणार आहे, तिला विचारायचं ठरलंय.