चिपवर नाव नसतं

ही कॅसिनोची चिप. व्यास साधारण 39 मिलिमीटर, वजन जेमतेम 10 ग्रॅम. कडेला रंगीत पट्टे, मधोमध कॅसिनोचं नाव आणि आकडा: 25,000 डॉलर. ती कोणाची, हे तिच्यावर कुठेच लिहिलेलं नाही. तो प्रश्न निघतो रोख खिडकीवर, जिथे चिप देऊन पैसे घ्यायचे.

लास वेगासमध्ये या खिडकीला केज म्हणतात. चिप्स कॅमेऱ्याखाली पसरून, चळती लावून मोजतात. चिप मोठ्या रकमेची असली की रोखपाल फोन उचलतो आणि टेबलांच्या विभागाला, म्हणजे पिटला विचारतो: हे गृहस्थ आज खेळले का? किती जिंकले? पिटकडे नोंद असेल तर काम लवकर होतं. मित्राने दिलेली किंवा मागच्या भेटीत घरी नेलेली चिप मात्र इथेच अडकते.

ही खबरदारी विनाकारण नाही. 14 डिसेंबर 2010 ला हेल्मेट घातलेल्या एकाने बेलाजिओ या तिथल्याच कॅसिनोमधून सुमारे 15 लाख डॉलरच्या चिप्स लुटल्या. कॅसिनोने 25,000 ची ती मालिकाच रद्द केली आणि 22 एप्रिल 2011 पर्यंत मुदत दिली. त्यानंतर त्या चिप्स म्हणजे नुसत्या चकत्या. चोर पकडला गेला तो त्या विकताना, साध्या वेशातल्या पोलिसाला.

आता कायदा. एका गेमिंग दिवसात, म्हणजे कॅसिनोच्या हिशेबाच्या 24 तासांत, एका माणसाला 10,000 डॉलरपेक्षा जास्त रोकड दिली, की कॅसिनोला नाव, पत्ता, ओळखपत्र घेऊन 15 दिवसांत सरकारला अहवाल द्यावा लागतो. दिवसभरातल्या छोट्या रकमांची बेरीज धरतात. मर्यादा चुकवण्यासाठी सकाळी 6,000 आणि रात्री 6,000 असे तुकडे पाडणं हाच गुन्हा आहे, पैसा अगदी घामाचा असला तरी. सरळ खेळलेली माणसं इथेच फसतात, याचं फार वाईट वाटतं. त्या अहवालाने कर लागत नाही, चौकशीही आपोआप सुरू होत नाही.

मग खाजगीपणा उरतो कोणापासून? इतर लोकांपासून. तो हक्काने मागावा. जिंकल्यावर फोटोला आणि प्रसिद्धीला नकार द्या. मोठी रक्कम असेल तर आडोशाच्या खोलीत मोजणी करायला सांगा. नोटांऐवजी चेक घ्या, म्हणजे पार्किंगपर्यंत पाठलागाची भीती नाही. टेबलावर बसतानाच खेळाडू-कार्ड, म्हणजे तुमच्या खेळाची नोंद ठेवणारं कॅसिनोचं कार्ड, द्या, आणि उठलात की त्याच दिवशी, त्याच कॅसिनोत चिप्स वटवा. दुसऱ्या कॅसिनोची खिडकी त्या घेण्याला बांधील नसते.