सही झाली, पुढे काय?

मंडळी, एखाद्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध मनोरुग्णालयात ठेवायचं, तर सही कोणाची हवी? इंग्रजांच्या १९१२च्या कायद्याचं उत्तर होतं, मॅजिस्ट्रेटची. त्याच्या जागी आलेला १९८७चा कायदाही बराचसा त्याच वाटेने गेला. नातेवाइकाने अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, त्यांतला एक सरकारी नोकरीतला, आणि कोर्टाने रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे रुग्णालयात ठेवून घेण्याचा आदेश, काढायची. कोर्टात जायचंच नसेल, तर घरच्यांच्या अर्जावर ९० दिवसांपर्यंत ठेवण्याचीही सोय होती.

न्यायाधीश मध्ये असला की घरच्यांची मनमानी चालणार नाही, असा यामागचा हिशेब. पण जरा डोळ्यांपुढे आणा. चोऱ्यामाऱ्या, चेक न वटल्याची प्रकरणं, जामीन, आणि त्या ढिगात हा अर्ज. दाखले जोडलेले, भाऊ हजर, हवालदार म्हणतोय, 'साहेब, आवरत नाही.' विरोध करायला कोणी नाही. ज्याच्याबद्दल हे चाललंय, त्याला वकीलच नाही. आदेश निघायला कितीसा वेळ लागणार? बरा झालेला रुग्ण सुटकेसाठी स्वतः मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकत होता, हे खरं. पण वॉर्डात बसून त्याने कागद मागायचा कोणाकडे, आणि पोचवायचा कोणी?

पश्चिम बंगालात तर कसलाही गुन्हा न केलेले मनोरुग्ण तुरुंगात ठेवले जात होते. पत्रकार शीला बर्से यांच्या प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवलं.

२०१७चा कायदा आला, २०१८ पासून लागू झाला, आणि त्याने रिसेप्शन ऑर्डर मोडीतच काढली. आता संमतीविना भरती करायची तर एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक, या दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं. स्वतःला इजा करण्याचा धोका, दुसऱ्यावर हिंसा, किंवा स्वतःची काळजी घेता न येण्यामुळे जिवाला धोका, यांपैकी काहीतरी दिसलं पाहिजे. अर्ज रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाचा. ठेवायची मुदत ३० दिवसांपर्यंत. ही भरती सात दिवसांत, आणि बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे अशा भरत्या तपासणाऱ्या मंडळाला, कळवायची. बायकांसाठी कळवायची मुदत कमी का, हे या सभागृहातल्या बायकांना मी सांगायची गरज नाही.

मंडळाच्या अध्यक्षपदी जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेचा न्यायिक अधिकारी, निवृत्त न्यायाधीशही चालतो. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर. शिवाय दोन जागा अशा, ज्यांवर स्वतः आजार भोगलेली माणसं, त्यांची काळजी घेणारे किंवा स्वयंसेवी संस्थांचे लोक बसतात. मला विचाराल तर अख्ख्या कायद्यातली सगळ्यात धाडसी ओळ हीच. ज्याला कालपर्यंत आपण आरोपीच्या पिंजऱ्यापेक्षाही खाली उभं केलं, तो आज निवाडा करणाऱ्यांत बसतो.

मग माझी तक्रार काय? मंडळ कागदं बघून 'योग्य' असा शेरा मारत असेल, तर पूर्वी एक सही होती, आता सहा झाल्या, एवढाच फरक. माणूस समोर आला पाहिजे. मंडळाने वॉर्डात जावं, आणि तेही रुग्णाला बरोबर वकील देऊन. मोफत विधी साहाय्याचा हक्क याच कायद्यात आहे. वकील आपोआप मिळावा, मागितल्यावर नव्हे. गुंगीच्या औषधांवर असलेल्या माणसाने हक्क मागावा ही अपेक्षाच क्रूर आहे.

दुसरं म्हणजे, मॅजिस्ट्रेट पूर्ण बाहेर गेलेला नाही. रस्त्यावर भटकणारा किंवा घरात छळ होणारा रुग्ण पोलिसांमार्फत आजही त्याच्यापुढे येऊ शकतो. तिथे तो फक्त तपासणीसाठी, जास्तीत जास्त दहा दिवस ठेवण्याचा आदेश देऊ शकतो. पुढे भरती करायची की नाही, हे रुग्णालयाने कायद्याचे निकष लावून ठरवायचं. जुन्या सवयीने 'दाखल करून उपचार करावेत' असं लिहिणारी पेनं मी पाहिली आहेत. त्यांना प्रशिक्षण द्या.

आता सुटकेकडे येतो, कारण खरी कोंडी तिथे आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या आपल्या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही राहिलेले लोक आहेत. डॉक्टर सोडायला तयार, घरचे न्यायला तयार नाहीत. पत्ता बदललेला असतो, कधी खोलीही विकलेली. अशा लोकांना समाजात राहता यावं म्हणून अर्धवाट निवासं (हाफवे होम), म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधली राहण्याची सोय, उभारणं हे सरकारचं काम आहे, असं कायदा म्हणतो. आपण काय केलं? बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला ते थांबवायला सांगावं लागलं. लाज वाटावी अशी गोष्ट आहे. मंडळाने कितीही चांगला निवाडा दिला, तरी जायला जागा नसेल तर तो फायलीतच राहणार.

शेवटी एक कामाची माहिती. तुमच्या ओळखीचं कोणी आत असेल आणि ठेवणं चुकीचं वाटत असेल, तर त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मंडळाकडे अर्ज करता येतो. फी नाही. विशेष परिस्थितीत आतल्या रुग्णाने तोंडी किंवा फोनवर केलेला अर्जसुद्धा मंडळ स्वीकारू शकतं. पहिल्या ३० दिवसांतल्या भरतीला आव्हान दिलं, तर निकाल सात दिवसांत द्यायचा असतो. तो पटला नाही तर ३० दिवसांच्या आत उच्च न्यायालय. आता प्रश्न विचारा, मी थांबतो.