दगडात टिकलेलं फुफ्फुस

नमस्कार मंडळी. सीलाकँथ हा माशांचा एक प्राचीन गट, नामशेष झाला असंच मानलं जात होतं. तो म्हटला की बहुतेकांना १९३८ सालची गोष्ट आठवते, त्यातला एक मासा ताजा हाती लागला ती. मला आज सांगायचंय ते त्याच्या एका नामशेष भाऊबंदाबद्दल. त्याचं नाव मॅक्रोपोमा.

इंग्लंडच्या दक्षिणेला लुईस नावाचं गाव आहे. तिथल्या टेकड्या खडूच्या दगडाच्या. क्रिटेशस काळात, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडात, तिथे समुद्र होता आणि सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा गाळ तळाशी साचत साचत त्याचा हा पांढरा, मऊ दगड झाला. गिडियन मँटेल हे तिथले डॉक्टर. इग्वानोडॉन या डायनोसॉरचं वर्णन करणारे तेच. रुग्ण तपासून उरलेला वेळ ते खाणींमधून मिळालेले जीवाश्म साफ करण्यात घालवायचे. १८२२ साली त्यांनी या माशाची नोंद केली. पुढे माशांच्या जीवाश्मांचा अभ्यासक लुई अ‍ॅगासीने त्याला मॅक्रोपोमा हे नाव दिलं.

मासा तसा बेताचाच, जेमतेम दोन फूट लांब. खवल्यांवर बारीक लांबट उंचवटे, पर मांसल देठांवर बसवलेले, आणि शेपटीच्या मधोमध आणखी एक छोटं शेपूट. एवढं पाहिलं तरी कुळ ओळखू येतं. पण या माशाची खरी मौज पोटात आहे. जीवाश्मात सहसा हाडं, दात, खवले टिकतात. मऊ अवयव कुजून जातात. मॅक्रोपोमाच्या पोटाच्या पोकळीत मात्र एक लांबट नळीसारखा अवयव जागच्या जागी सापडतो. सुरुवातीला ते जठर असावं असं मानलं गेलं. पण त्याची भिंत हाडासारख्या पातळ पत्र्यांची आहे, आणि हे पत्रे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले आहेत. जठराला असलं आवरण कशाला हवं? आज बहुतेक अभ्यासक याला फुफ्फुस मानतात.

आता १९३८ कडे येऊ. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात तिथल्या संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना सुमारे दीड मीटर लांबीचा निळसर मासा मिळाला. तो सीलाकँथ निघाला, आणि त्यांच्या नावावरून त्याला लॅटिमेरिया म्हणतात. डिसेंबरचा उन्हाळा, एवढं धूड ठेवायला शीतगृह मिळेना. शेवटी मासा पेंढा भरून टिकवावा लागला आणि आतले अवयव गेले. म्हणजे बघा, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या माशाचं फुफ्फुस दगडात शाबूत होतं, आणि ताज्या माशाचं हाताशी येऊन निसटलं! दुसरा मासा कोमोरो बेटांजवळ मिळाला तो थेट १९५२ साली. त्यानंतरच्या नमुन्यांची चिरफाड झाली तेव्हा दिसलं, की लॅटिमेरियाचं फुफ्फुस आक्रसलेलं आहे आणि त्याला चरबीने वेढलंय.

म्हणून मला ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्दप्रयोग खटकतो. जणू हा मासा आहे तसाच चालत आला! मॅक्रोपोमा आणि लॅटिमेरिया जवळचे खरे, पण एक दुसऱ्याच्या निम्म्याहूनही लहान, आणि आतली रचना वेगळी. या कुळाने पाणीही एकाच प्रकारचं धरलं नाही. आपल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा खडकांमध्ये इंडोसीलाकँथस सापडला, तो जुरासिक काळातला, गोड्या पाण्यातला.

२०१५ साली लॅटिमेरियाच्या भ्रूणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. अगदी लहान भ्रूणात फुफ्फुस शरीराच्या मानाने चांगलं मोठं असतं. पुढे शरीर वाढत राहतं आणि फुफ्फुसाची वाढ मंदावते. प्रौढ माशात त्या आक्रसलेल्या फुफ्फुसाभोवती लहान, टणक, सुटे पत्रे सापडतात. मॅक्रोपोमाच्या पोटात जे अखंड आवरण होतं, त्याचेच हे अवशेष. संशोधकांचं म्हणणं असं, की क्रिटेशसच्या अखेरीस जे सीलाकँथ तगले ते खोल पाण्यातले असावेत. तिथे हवा घ्यायला वर येण्याचा प्रश्नच नाही, कल्ल्यांवर भागतं.

मॅक्रोपोमाची ओळ मात्र क्रिटेशसच्या खडकांतच संपते.