28 रकान्यांचा गट नंबर

(जळगावात संगणक दुरुस्ती करणाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

2003 ची लगीनसराई. चोपड्याकडचा एक स्टुडिओवाला 160 जीबीची कोरी डिस्क घेऊन आला. मशीन विंडोज 98 चं. मी सुधारित एफडिस्क (डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम) मिळवून पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, पाडलं, फॉरमॅट मारला. पूर्ण जागा दिसली, मी पैसे खिशात टाकले. दीड महिन्यानं तो दारात उभा. "भो, मन्हा डेटा कथा गया?" पाच-सहा लग्नांचं शूटिंग हळदीसकट गेलं होतं आणि मशीन सुरूच होत नव्हतं. मी डिस्कलाच दोष दिला. चूक माझी होती, हे कळायला वेळ लागला.

डिस्कवर 512 बाइटचे सेक्टर, म्हणजे छोटे तुकडे, असतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखा. डिस्क जोडायच्या जुन्या आयडीई पद्धतीत तो नंबर लिहायला 28 बिट, म्हणजे 28 रकाने, प्रत्येकात 0 किंवा 1. त्यात 26,84,35,456 सेक्टर मावतात. गुणाकार केला की 137 अब्ज बाइट. विंडोज 1024 च्या पटीत मोजतं, म्हणून तीच जागा 128 जीबी दाखवतं.

आता समजा तलाठ्याच्या फॉर्मवर तीनच रकाने आहेत आणि तुमचा गट 1000. सुरुवातीचा 1 कापला की उरतो 000. तुमचा नांगर सरळ पहिल्याच शेतात! विंडोज 98 चा डिस्क ड्रायव्हर हेच करतो. बायॉस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) नवं असेल तर पूर्ण डिस्क दिसते, पण 137 अब्ज बाइटच्या पुढचं लिहिणं गुपचूप डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडतं. तिथे पार्टिशनची नोंद आणि कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारा फॅटचा तक्ता. एरर येत नाही. घोडं तिथेच पेंड खातं. जागाच दिसली नसती, तर मी सावध झालो असतो.

जाता जाता: फॅट 32 मध्ये एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही. डीव्ही कॅमेऱ्याचं शूटिंग उतरवताना साधारण 19 मिनिटांनी फाइल तोडावी लागते. स्टुडिओवाला ती डिस्कची खोड समजायचा. ते दुखणं वेगळं.

48 बिटचा नंबर आल्यावर 137 चा तिढा सुटला. विंडोज एक्सपीला त्यासाठी किमान सर्व्हिस पॅक 1 (सुधारणांचा संच) हवा. विंडोज 2000 ला सर्व्हिस पॅक 3 टाकूनही रजिस्ट्रीत 'एनेबलबिगएलबीए' चालू करावं लागतं. हे विसरलेली मशीनं मी भरपूर पाहिली. 98 साठी मी आजही 120 जीबीचं पार्टिशन पाडून उरलेली जागा तशीच सोडतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू द्या. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचं बायॉस आणि ड्रायव्हर असलेलं पीसीआय कंट्रोलर कार्ड. पण जिनिंगच्या वजनकाट्यावरचं जुनं मशीन असेल, तर मी डेटा नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर ठेवतो. तिथली डिस्क किती मोठी, याच्याशी 98 ला देणंघेणं नसतं.

पुढची भिंत 2.2 टीबीची. एमबीआर, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीची पार्टिशनची नोंद, तिच्या तक्त्यात सेक्टरचा नंबर 32 बिटचा. एक्सपीत 3 टीबीची डिस्क लावली की बहुधा 746 जीबी दिसते. पुन्हा तोच कापलेला आकडा! उपाय जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचा पार्टिशनचा तक्ता, पण 32 बिटचं एक्सपी जीपीटी वाचत नाही. भरलेली डिस्क त्याला लावून 'तयार करा' म्हणणाऱ्या सूचनेला हो म्हणू नका.

मघाशी एका दादांनी विचारलं, की 3 टीबीची यूएसबी डिस्क त्यांच्या एक्सपीवर पूर्ण कशी दिसते? यूएसबी डिस्क ज्या डबीत बसवलेली असते, तशा काही डब्यांमधलं सर्किट 512 ऐवजी 4096 बाइटचा सेक्टर असल्याचं सांगतं. नंबर तेवढेच, शेत आठपट मोठं. म्हणून 32 बिट पुरतात. पण डबी बिघडली आणि डिस्क काढून थेट मशीनला जोडली, तर तक्ता जुळत नाही, डिस्क कोरी वाटते. घाईनं फॉरमॅट मारू नका. तशीच दुसरी डबी शोधा.