भागाकाराशिवायचे बीजगणित

(दृश्य: सांगलीचे मार्केट यार्ड. हळदीच्या राशी, सौद्याला जमलेले अडते, त्यानंतर वहीतले दोन रकाने.)

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघू लागले, की आलेल्या आणि गेलेल्या पोत्यांच्या नोंदी वहीत चढू लागतात. राजापुरी आणि सेलम या दोनच जातींचे रकाने धरले, आणि आवक अधिक चिन्हाने व जावक उणे चिन्हाने मांडली, तर प्रत्येक नोंद म्हणजे दोन पूर्णांकांची जोडी होते. अशा दोन नोंदींची बेरीज करता येते, एखादी नोंद पाचपट किंवा उणे तीनपट करता येते. मात्र सौदा अख्ख्या पोत्यांचाच आहे असे धरल्यास नोंदीला दोनाने भागण्याची मुभा राहत नाही. ही वही म्हणजे पूर्णांकांच्या वलयावरील एक मॉड्यूल होय: ज्यांची आपसांत बेरीज करता येते आणि वलयातील घटकांनी पट करता येते, अशा वस्तूंचा संच.

वलय म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार जिथे निर्वेधपणे करता येतात अशी संख्यांची किंवा संख्यांसारख्या वस्तूंची व्यवस्था. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नसेल, तर ते क्रमनिरपेक्ष वलय. पूर्णांकांचे वलय हे त्याचे सर्वांत जुने उदाहरण, आणि बहुपदींचे वलय हे दुसरे. भागाकाराची हमी वलय देत नाही. शून्येतर प्रत्येक घटकाने भागता येण्याची हमी मिळाली, तर त्या क्रमनिरपेक्ष वलयाला क्षेत्र म्हणतात, आणि क्षेत्रावरील मॉड्यूल म्हणजे आपल्या ओळखीचा सदिश अवकाश.

(दृश्य: सांगलीच्या विश्रामबागेतील एक वर्ग. फळ्यावर व्याख्या लिहिली जात आहे.)

बी.एस्सी.ला सदिश अवकाश शिकून एम.एस्सी.च्या वर्गात आलेल्या विद्यार्थ्यांना मॉड्यूलची व्याख्या नवी वाटत नाही, कारण ती शब्दशः तीच आहे. फक्त जिथे ‘क्षेत्र’ होते तिथे ‘वलय’ आले आहे. त्यामुळे ही व्याख्या वर्गात दोन मिनिटांत आटोपते, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो, कारण व्याख्येबरोबर सदिश अवकाशाच्या सगळ्या सवयीही नकळत पुढच्या पानावर येतात. मॉड्यूलचा अभ्यास हा बराचसा या सवयी मोडण्याचा अभ्यास आहे.

पहिली सवय अशी, की कोणत्याही जनक संचातून, म्हणजे ज्याच्या पटींच्या बेरजांतून बाकी सगळे मिळते अशा संचातून, अनावश्यक घटक काढत गेले की शेवटी आधार, म्हणजे ज्यातून प्रत्येक घटक एकाच प्रकारे मिळतो असा संच, हाती लागतो, आणि अशा प्रत्येक आधारात घटकांची संख्या सारखीच असते. आता पूर्णांकांकडे त्यांच्या स्वतःवरील मॉड्यूल म्हणून पाहा. सहा, दहा आणि पंधरा या तीन संख्यांपासून सर्व पूर्णांक तयार होतात, कारण सहा अधिक दहा वजा पंधरा म्हणजे एक. यांतील पंधरा काढली तर उरलेल्या दोघींचा मसावि २ येतो, दहा काढली तर ३ येतो, आणि सहा काढली तर ५ येतो. म्हणजे तिघींपैकी एकही अनावश्यक नाही. तरीही हा संच आधार नव्हे, कारण एकटा १ हेच काम करतो. सदिश अवकाशात न काढता येणारे तीन जनक सापडले, की मिती तीन आहे असे निःशंकपणे लिहिता येते. इथे तसे लिहिले तर परीक्षक गुण कापेल आणि ते योग्यच ठरेल.

दुसरी सवय, म्हणजे हवे तेव्हा भागाकार करण्याची, अधिक खोलवर रुजलेली आहे, म्हणून तिच्यासाठी पुन्हा वहीतले दोन रकाने घेऊ. समजा, माल दोनच प्रकारच्या खेपांनी येतो-जातो: पहिल्या खेपेत राजापुरीची ४ आणि सेलमची २ पोती, दुसऱ्या खेपेत राजापुरीची २ आणि सेलमची ४. अख्ख्या खेपांच्या बेरजा-वजाबाक्यांतून ज्या नोंदी निघतात, त्यांचे एक उपमॉड्यूल बनते. ज्या दोन नोंदींमधील फरक या उपमॉड्यूलमध्ये आहे, त्या दोन नोंदी एकाच वर्गातल्या मानल्या, तर असे वेगवेगळे वर्ग किती होतात?

(दृश्य: फळ्यावर दोन ओळींचा मॅट्रिक्स. खडू प्रत्येक पायरीला थांबतो.)

पहिली ओळ ४, २. दुसरी ओळ २, ४. पहिल्या ओळीतून दुसरीची दुप्पट वजा करा. पहिली ओळ ०, उणे ६ होते. आता दुसऱ्या स्तंभातून पहिल्या स्तंभाची दुप्पट वजा करा; दुसरी ओळ २, ० होते आणि पहिलीला धक्का लागत नाही. या दोन पायऱ्यांत कुठेही भागाकार आलेला नाही. हाती राहिले २ आणि ६. उणे चिन्हाने इथे काही बिघडत नाही. त्यामुळे वर्ग २ गुणिले ६, म्हणजे बारा आहेत, आणि त्या बारांची रचना दोनच्या एका चक्राची आणि सहाच्या एका चक्राची आहे. याचा पडताळा वहीतही पाहता येतो. राजापुरीची ६ पोती आणि सेलमचे एकही नाही, ही नोंद पहिली खेप दोनदा आणून व दुसरी एकदा परत पाठवून मिळते. पण राजापुरीच्या एका, दोन, तीन, चार किंवा पाच पोत्यांची एकटी नोंद कशीही मिळत नाही.

हाच प्रश्न परिमेय संख्यांच्या क्षेत्रावर विचारला, तर पहिल्या खेपेच्या एक-तृतीयांशातून दुसरीचा एक-षष्ठांश वजा केल्यास राजापुरीचे नेमके एक पोते हाती येते, कोणतीही नोंद अशीच मिळवता येते, आणि बाराही वर्ग नाहीसे होऊन एकच उरतो. भागाकाराची परवानगी मिळताच जी माहिती पुसली जाते, तिलाच मॉड्यूलच्या भाषेत टॉर्शन म्हणतात: स्वतः शून्य नसलेला, पण वलयातील योग्य शून्येतर घटकाने गुणल्यावर शून्य होणारा घटक. माझ्या मते या विषयाचा खरा आरंभ व्याख्येत नसून इथे आहे.

ओळी आणि स्तंभ यांवरील याच क्रियांनी पूर्णांकांचा कोणताही मॅट्रिक्स असा साधा करता येतो, हे हेन्री स्मिथ यांनी १८६१ मध्ये दाखवले. पुढे १८७१ मध्ये रिचर्ड डेडेकिंट यांनी, वजाबाकी केली तरी बाहेर न जाणाऱ्या संख्यासंचांसाठी ‘मोडुल’ ही संज्ञा वापरली. त्यांचे लक्ष पूर्णांकांच्या गुणधर्मांकडे, म्हणजे संख्या सिद्धान्ताकडे होते. एमी नोएदर यांनी १९२१ च्या आपल्या शोधनिबंधात तीच कल्पना कोणत्याही विशिष्ट संख्यांवाचून, केवळ वलयाच्या गुणधर्मांवर उभी केली, आणि आज शिकवला जातो तो विषय त्या मांडणीतून आलेला आहे.

या अमूर्ततेचा लाभ लगेच दिसतो. पूर्णांकांच्या जागी एका चलाच्या बहुपदींचे वलय ठेवा, सहगुणक परिमेय असू द्या, आणि एका सदिश अवकाशावर क्ष या चलाने गुणणे म्हणजे एक ठरावीक मॅट्रिक्स लावणे, असे ठरवा. तो सदिश अवकाश आता बहुपदींच्या वलयावरील मॉड्यूल झाला. पूर्णांकांसाठी ज्या सिद्धान्ताने सांत (मर्यादित घटकांच्या) आबेलीय गटांचे, म्हणजे जिथे क्रियेचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही अशा गटांचे, पूर्ण वर्गीकरण होते, तोच सिद्धान्त शब्द न बदलता इथे लावला, की मॅट्रिक्सचे प्रमाण रूप आणि आयगेन मूल्यांची, म्हणजे मॅट्रिक्स काही सदिशांना ज्या नुसत्या पटीने बदलतो त्या पटींची, सगळी मांडणी मिळते. अभ्यासक्रमात ही दोन प्रकरणे वेगवेगळ्या पेपरांत असतात, आणि बऱ्याच विद्यार्थ्यांना ती एकच आहेत हे कधी कळतच नाही. जाता जाता एक सावधगिरी: वरच्या मॅट्रिक्सची आयगेन मूल्येही २ आणि ६ हीच येतात, म्हणून दोन्ही उत्तरे नेहमी जुळतील असे समजू नये. कर्णावर २ आणि ३, बाकी शून्ये असा मॅट्रिक्स घेतला, तर आयगेन मूल्ये २ आणि ३ राहतात, पण स्मिथच्या पद्धतीने १ आणि ६ मिळतात.

दोन चलांच्या बहुपदींकडे वळताच हे वैभव संपते. ज्यांत स्थिर पद नाही अशा बहुपदींचे मॉड्यूल क्ष आणि य या दोघांपासून बनते; एकाने काम भागत नाही, आणि दोघे स्वतंत्रही नाहीत, कारण य गुणिले क्ष वजा क्ष गुणिले य हे शून्य आहे. त्यात टॉर्शन नाही आणि आधारही नाही. परस्परांशी क्रम बदलणाऱ्या दोन मॅट्रिक्सच्या जोड्यांचे वर्गीकरण म्हणजे अशाच मॉड्यूलचे वर्गीकरण, आणि ते कोणत्याही संख्येतील मॅट्रिक्सच्या संचांच्या वर्गीकरणाइतकेच अवघड आहे, हे गेलफांड आणि पोनोमार्योव्ह यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. साऱ्या मॉड्यूलची यादी करण्याची आशा तिथे सोडावी लागते.

(दृश्य: फळ्यावर ६, १०, १५ ही ओळ, तिच्याखाली दोन रिकाम्या ओळी.)

निवडक मॉड्यूलबद्दल मात्र विचारता येते. आधार असलेले मॉड्यूल म्हणजे मुक्त मॉड्यूल. मुक्त मॉड्यूलची दोन भागांत थेट विभागणी केली, तर त्या प्रत्येक भागाला प्रक्षेपी म्हणतात. बहुपदींच्या वलयावरील, सांत जनकांचे प्रत्येक प्रक्षेपी मॉड्यूल मुक्तच असते का, हे ठाऊक नाही, असे झाँ-पिएर सेर यांनी १९५५ मध्ये लिहिले. त्यांनी ते अनुमान म्हणून मांडले नव्हते, तरी त्यांच्या नावावर ते अनुमान म्हणूनच गाजले. सेर यांनी पुढे सिद्ध केलेल्या एका निष्कर्षामुळे हा प्रश्न फळ्यावर मांडण्याजोगा होतो: ज्या बहुपदींच्या पटींची बेरीज १ येते त्यांची एक ओळ दिली असता, तिच्याखाली आणखी ओळी लिहून निश्चयक १ असलेला चौरस मॅट्रिक्स पुरा करता येतो का? पूर्णांकांसाठी हे नेहमी साधते. ६, १०, १५ या ओळीखाली ०, १, १ आणि १, ०, १ या ओळी लिहा. निश्चयक ६ अधिक १० वजा १५, म्हणजे १ येतो.

सगळ्याच वलयांत हे साधत नाही. वास्तव सहगुणकांच्या बहुपदी गोलाच्या पृष्ठावर पाहिल्या, म्हणजे क्ष, य आणि झ यांच्या वर्गांची बेरीज १ आहे असे धरले, तर क्ष, य, झ ही ओळ अटीत बसते, पण ती पुरी करता येत नाही. ती पुरी झाली असती, तर गोलाच्या प्रत्येक बिंदूवर पृष्ठाला स्पर्श करणारा, सलग बदलणारा आणि कुठेही शून्य न होणारा सदिश मिळाला असता, आणि तसा सदिश असू शकत नाही हे संस्थितिशास्त्राने (टोपोलॉजीने) सिद्ध केलेले आहे. सहगुणक संमिश्र केले, तर हीच ओळ सहज पुरी होते.

बहुपदींच्या वलयामागे वक्र पृष्ठ नसून सपाट अवकाश आहे, म्हणून तिथे होकाराची अपेक्षा होती. पण अपेक्षा आणि सिद्धता यांत दोन दशके गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परंपरेतले सी. एस. शेषाद्री यांनी १९५८ मध्ये दोन चलांसाठी होकार सिद्ध केला. सहगुणकांच्या क्षेत्रात प्रत्येक बहुपदी समीकरणाला उत्तर असेल, तर तीन चलांसाठीही तसेच घडते, हे पवमान मूर्ती आणि टाउबर यांनी १९७४ मध्ये दाखवले. सर्व चलांसाठीची सिद्धता १९७६ मध्ये डॅनियल क्विलेन आणि आंद्रे सुस्लिन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिली. सहगुणक क्षेत्राऐवजी नियमित वलयातून घेतले, म्हणजे ज्या वलयामागच्या आकृतीत कुठे टोक किंवा छेद नाही अशा वलयातून घेतले, तर चल वाढवल्याने नवे प्रक्षेपी मॉड्यूल निर्माण होत नाहीत ना, हा बास आणि क्विलेन यांचा प्रश्न त्यातूनच पुढे आला. क्षेत्रावर उभ्या असलेल्या भूमितीय वलयांसाठी लिंडेल यांनी १९८१ मध्ये त्याचे उत्तर दिले. सर्वसाधारण नियमित वलयांसाठी तो प्रश्न अजून खुला आहे.